उक्त कूलर

कोर्टाच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली,
एकतीस वर्षं मी लोकांची भांडणं टाइप करतो.
सदरहू भिंत. उक्त इसम. गैरअर्जदार क्रमांक दोन.
मशीन जुनी, तिचा ळ कधीचा तुटलाय,
तेवढी जागा सोडतो, मागून पेनानं भरतो.

यंदा नवतपा लागला आणि
तितरमारेंनी मागच्या खिडकीत कूलर बसवला,
लोखंडी, सेकंडहँड,
चारपैकी तीनच पाय जमिनीला टेकणारा.
त्यांची खिडकी आणि माझी उशी
यांच्यामध्ये गल्ली अडीच फुटांची.
रात्रभर पत्रा थरथरतो,
रिकाम्या डब्यात कुणी गिट्टी भरतंय, ओततंय, भरतंय.
दोन वाजता पाणी संपतं, तेव्हा पंप किंचाळतो.
मग बादली. मग पाइप. मग पुन्हा गिट्टी.

सहाव्या रात्री उठलो, दिवा लावला, कागद चढवला.
प्रति, ठाणेदार साहेब, हुडकेश्वर.
विषय: उक्त कूलरच्या आवाजाबाबत.
रहिवासी भाग, रात्री दहा ते सकाळी सहा,
मर्यादा पंचेचाळीस डेसिबल,
हे मला पाढ्यांसारखं पाठ.
स्वतःसाठी लिहिताना बोटं काय धावली!
अर्जदार ज्येष्ठ नागरिक असून, रक्तदाबाचा रुग्ण असून,
गैरअर्जदारास वे ोवे ी समज देऊनही

पेन घेतलं ते दोन ळ भरायला
आणि हात थांबला.

वेळोवेळी?
या शब्दाचे मी आजवर पैसे घेतले,
कधी कुणाला विचारलं नाही
किती वेळा, केव्हा, कोणत्या तोंडानं.
आणि मी? फाटकाशी भेट झाली की
"काय तितरमारे, जेवण झालं?"
"हो नं काका."
एवढंच.
एकदा खिडकी आपटून लावली होती.
ती समज धरायची का?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो.
अर्ज खिशात होता, खोटं कशाला बोलू.
त्यांची प्रणाली दारात आली, कडेवर पोरगं,
पाठभर घामोळ्या, त्यावर पावडर.
बोललो. शब्द टाइप केल्यासारखेच निघाले.
ती म्हणाली, "सांगायचं नं काका, आम्हाला का मालूम,
इकडून तर चांगला वाटते तो."

त्या रात्री अकराला कूलर बंद.
जिंकलो.
स्लॅब दिवसभराचं ऊन परत देत होता.
गल्लीपलीकडून पुठ्ठ्यानं वारा घातल्याचा आवाज,
फट्, फट्,
मग हात बदलण्यापुरता खंड,
मग पोराची किरकिर, मग पुन्हा पुठ्ठा.
हे किती डेसिबल, मला सांगता आलं नसतं.
माझ्या पाठ असलेल्या नियमात
पाऱ्याचा रकानाच नाही.
साडेबाराला खिडकी उघडून ओरडलो,
"चालू करा हो!"
रात्री दहानंतर इतक्या मोठ्यानं
मी जन्मात बोललो नव्हतो.
समोरच्या गच्चीवरून कुणी विचारलं, "कोन हाय रे?"

रविवारी जुन्या लुनाच्या ट्यूबचे चौकोन कापून नेले.
रोशननं कूलर तिरपा धरला, मी पायांखाली रबर सारलं,
चौथ्याखाली विटेचा तुकडा.
झोपायच्या आधी टाकी भरायचं त्यानंच कबूल केलं,
दोनदा विसरला.
आवाज आहे. गिट्टीची वाळू झाली, इतकंच.
झोप कधी येते, कधी नाही.
अर्ज अजून त्या शर्टाच्या खिशात,
एकदा धुण्यातही जाऊन आला.

सोमवारी पहिलंच गिऱ्हाईक,
शेजाऱ्याची पिठाची चक्की, पहाटे पाचपासून.
कागद चढवला आणि विचारून बसलो,
"तुम्ही त्याला सांगितलं का? किती वेळा?"
तो म्हणाला, "अर्ज लिहिता का शाळा घेता?"
आणि उठून पलीकडच्या चवऱ्यांच्या टेबलाशी गेला.
दीडशे रुपये.
तिकडे टकटक सुरू झाली, भराभर, न अडखळता.
त्यांच्या मशीनचा ळ शाबूत आहे.